अंतर किती, वेळ किती? मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत मुलामुलींकडे निघालेल्या वाचकांची पत्रे या खेपेला एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच आहे: अंतराला वेगाने भागून आलेले तास तिकिटावरच्या तासांशी जुळत नाहीत. ते जुळणारही नाहीत, कारण मधे वाट, वारा आणि घड्याळ असे तिघे येतात.

प्रश्न: मुंबई–न्यूयॉर्क अंतर शोधले तर एका ठिकाणी १२,५३५, दुसरीकडे ७,७९० आणि तिसरीकडे ६,७७० असे आकडे मिळाले. यातला खरा कोणता? (डोंबिवली)

तिन्ही खरे. पहिला किलोमीटरमध्ये आहे, दुसरा साध्या मैलांत (१ मैल म्हणजे १.६०९ किमी) आणि तिसरा सागरी मैलांत (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी). वैमानिक आणि हवाई नियंत्रण कक्ष सागरी मैलांत बोलतात, अमेरिकन संकेतस्थळे साध्या मैलांत आणि आपण किलोमीटरमध्ये. एकक न लिहिता आकडा छापला की असा गोंधळ होतो.

आकड्यांत दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर तो सोडून द्या. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कुणी विमानतळापासून. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतो, कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी. शिवाय तिकिटावरच्या ‘न्यूयॉर्क’मध्ये जेएफके (केनेडी) विमानतळ येते तसेच शेजारच्या न्यू जर्सीतले न्यूअर्कही येते. या दोघांत सरळ रेषेत ३३ किलोमीटरचे अंतर आहे. मात्र ध्यानात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे. १२,५३५ किमी हे पृथ्वीच्या पाठीवरून शक्य असलेले सर्वांत कमी अंतर आहे. विमान त्या दिवशी तेवढेच उडेल असे नाही. किंबहुना जवळपास कधीच तेवढे उडत नाही.

प्रश्न: मुलाच्या शाळेच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ इजिप्त, मोरोक्कोवरून जाते. विमानातल्या पडद्यावर मात्र वाट पार वर युरोपच्या डोक्यावरून जाताना दिसली. एवढा वळसा कशासाठी? (सातारा)

वळसा तुमच्या पट्टीने घातला आहे, विमानाने नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग रुंदीत ताणला जातो, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ जमिनीवर सरळ राहत नाही.

घरी पृथ्वीगोल असेल तर पडताळून पाहा. समजा गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर होतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी, म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर साधारण ४२५ किमी. शिवणाचा दोरा घ्या (लोकर ताणली जाते, ती नको). एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल. मुंबईहून सिंधमधल्या लारकानाच्या आसपास, पुढे कंदहार, कझाकस्तान, मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकी, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक जेमतेम शिवून कॅनडातले लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. दोऱ्याची लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. ४२५ ने गुणा, साडेबारा हजार किलोमीटर येतात.

आता तोच दोरा मुलाच्या रेघेवरून ठेवा: मुंबई, इजिप्तमधले लक्सर, मोरोक्कोतले माराकेश, मग अटलांटिक. हा दोरा सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर लागेल, म्हणजे १४,२०० किमी. नकाशावर सरळ दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरनी लांबची आहे. भूगोलाच्या तासाला दहा मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे. शिक्षकांनी तो जरूर करून दाखवावा.

प्रश्न: १२,५३५ ला ताशी ९०० ने भागले तर १४ तास येतात. मग जाताना १६ आणि येताना १४ का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला निघाल्यावर न्यूयॉर्क समोरून जवळ यायला हवे ना? (नाशिक)

पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते आणि हवेत असलेले विमानही. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे जाते. हवा तिच्याबरोबर नसती तर मरीन ड्राइव्हवर कायम ताशी दीड हजार किलोमीटरचा वारा सुटला असता. धावत्या गाडीत लाडू वर फेकला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या बाकावर नाही. तसेच हे आहे.

फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या उंचीवर, मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात तो आणखी चढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी हवामानात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. त्या रात्री पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यामुळे विमानाचा जमिनीशी वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चालले होते.

आता आपला हिशोब करू. प्रत्यक्ष वाट १२,९०० किमी धरा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. जाताना सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी ४० किमीचा समोरचा वारा लागला तर उरतो ८६०, म्हणजे बरोबर १५ तास. येताना सरासरी ६० पाठीशी मिळाला तर ९६०, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत. आकडे ४० आणि ६० असे वेगळे धरले, कारण वाटही वेगळी असते. जाताना वारा चुकवणारी वाट शोधतात, येताना वाऱ्यावर स्वार होणारी. उत्तर अटलांटिकवरच्या या वाटा रोज दोनदा नव्याने आखल्या जातात. कॅनडातले गँडर आणि स्कॉटलंडमधले प्रेस्टविक इथल्या नियंत्रण कक्षांचे ते काम आहे. त्यामुळे पडद्यावरची रेघ काल एक आणि आज दुसरी दिसली तर काही बिघडले आहे असे समजू नका.

राहिला पाऊण तास. तिकिटावरचा वेळ चाके जमीन सोडतात तिथून सुरू होत नाही. विमान गेटवरून मागे ढकलले जाते तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागल्यावर संपतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रात्रीच्या गर्दीत पंधरा-वीस विमानांमागे उभे राहिलात की अर्धा तास तिथेच गेला. विमान कंपन्याही वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ धरून ठेवतात, म्हणजे ‘वेळेवर पोहोचलो’ म्हणता येते.

झटपट अंदाज हवा असेल तर किलोमीटरना ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबई १,९३० किमी: तीन तास. लंडन ७,२०० किमी: सव्वानऊ. न्यूयॉर्क: साडेपंधरा. हा जाण्यायेण्याचा मधला आकडा झाला. पश्चिमेला जाताना त्यात थोडे वाढवा, येताना कमी करा.

प्रश्न: तिकिटावर मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोहोचणार असे आहे. सहा तासांत अमेरिका? (चिंचवड)

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या आहेत. हिशोब करताना दोन्ही भारतीय वेळेत आणायच्या. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ. तुमचे तिकीट जानेवारीतले आहे, म्हणून न्यूयॉर्कच्या सकाळच्या साडेसातमध्ये साडेदहा तास मिळवा: भारतात त्या वेळी संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. रात्री दीड ते संध्याकाळी सहा म्हणजे साडेसोळा तास.

परतीचेही असेच. न्यूयॉर्कहून ३० जानेवारीला दुपारी १२ ला निघालात, तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा. मुंबईला ३१ तारखेला दुपारी पाऊण वाजता उतरलात, म्हणजे सव्वाचौदा तास. कागदावर मात्र पावणेपंचवीस तास दिसतात आणि सासरचे लोक ‘एवढा वेळ कुठे होतात?’ असे विचारतात.

घड्याळ बदलण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन आणि युरोप हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा न्यूयॉर्क–लंडन फरक पाचाऐवजी चार तास असतो. त्या दिवसांत लंडनला विमान बदलायचे असेल तर तिकीट काढताना पाहिलेली मधली वेळ प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा तपासा. भारत घड्याळ हलवत नाही, त्यामुळे आपल्या लक्षात हे राहत नाही. आणि हो, संकष्टीचा उपवास तिकडे सोडणार असाल तर चंद्रोदय त्या गावचा पाहायचा. कोल्हापूरच्या चंद्रोदयात साडेदहा तास वजा करून तो मिळत नाही.

प्रश्न: आई-वडिलांचे विमान १५ तारखेला रात्री १:३० ला आहे. कोल्हापूरहून गाडीने निघणार आहेत. किती वाजता निघावे? (कोल्हापूर)

१४ तारखेला, सकाळी साडेअकरापर्यंत. तारीख आधी लिहिली, कारण सगळ्यात महागडी चूक तिथेच होते. १५ तारखेचा रात्रीचा दीड म्हणजे १४ तारखेच्या जेवणानंतरची रात्र. ‘१५ ला रात्री विमान आहे’ असे घरात बोलले जाते, १५ ला सकाळी सामान गाडीत चढते, आणि तोवर विमान कधीच सुटलेले असते. तारीख बदलण्याचे दंड आणि भाड्यातला फरक मिळून पुष्कळदा निम्मे तिकीट पुन्हा भरावे लागते. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात लाल शाईने लिहा: ‘आज निघायचे’.

आता उलटे मोजा. विमान १:३० ला. गेट त्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. सामान घेणारा काउंटर साधारण तास-सव्वा तास आधी, म्हणजे सव्वाबारा ते साडेबारा, आणि तो मिनिटावर बंद होतो. इमिग्रेशन आणि सुरक्षातपासणीच्या रांगा मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत लांब असतात, कारण लांबची बहुतेक विमाने त्याच वेळी सुटतात. म्हणून दहा वाजता दारात. कोल्हापूर ते सहार सुमारे ३७५ किमी, जेवणखाण धरून साडेआठ तास. त्यावर दोन तास हातचे राखायचे: एक खंडाळ्याच्या घाटासाठी, एक वाशीपुढच्या संध्याकाळच्या गर्दीसाठी. पावसाळ्यात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आणखी एक तास लवकर निघा.

तिकिटावरचे तीन अक्षरी चिन्हही पाहा. बीओएम म्हणजे अंधेरीजवळचे जुने विमानतळ. एनएमआय म्हणजे उलव्याचे नवी मुंबई विमानतळ, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली. चालकाला नुसते ‘मुंबई एअरपोर्ट’ सांगून झोपी जाऊ नका.

प्रश्न: पाकिस्तानचे आकाश बंद असल्यामुळे आमचे विमान किती उशिरा पोहोचेल? (ठाणे)

मुंबईहून जाणाऱ्यांना याची झळ कमी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि मग ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. वर सांगितलेल्या दोऱ्याच्या वाटेवर लारकाना येते, म्हणजे ती वाट गेली. मग विमान अरबी समुद्रावरून मस्कतकडे, पुढे इस्तंबूलच्या बाजूने युरोपात आणि तिथून अटलांटिककडे जाते. दोरा या वळणांवरून ठेवून मोजला तर सुमारे १३,००० किमी भरतात. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर आणि अर्धा-पाऊण तास जास्त.

दिल्लीकरांची अडचण मोठी आहे. दिल्लीहून वायव्येला निघालेले विमान थोड्याच वेळात सीमेपाशी येते. म्हणून त्याला आधी खाली गुजरातकडे यावे लागते आणि मग समुद्रावरून वळावे लागते. बंदी आली तेव्हा अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले ते यामुळेच. बोइंग ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टन इंधन मावते. ऐकायला अफाट वाटते. पण लांबच्या उड्डाणात इंधनाचा मोठा भाग इंधनच वाहून नेण्यात जळतो. वाट लांबली की एकतर मधे उतरायचे, नाहीतर माल आणि प्रवासी कमी घ्यायचे.

रशियाच्या आकाशाचे उलटे आहे. २०२२ पासून ते अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. पश्चिम आशियातली युद्धजन्य परिस्थिती तर एका रात्रीत सगळी मांडणी उधळते. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आकाश बंद केले तेव्हा हवेत असलेली विमाने मुंबईसकट मिळेल तिथे वळवावी लागली. म्हणून आमचे सांगणे असे की, आखाताकडे तणाव असेल त्या आठवड्यात निघण्याच्या सहा तास आधी विमानाचा क्रमांक घालून त्याची स्थिती पाहावी. आणि विमान कोणत्या मार्गाने जाईल ते पाहायचे असेल तर आदल्या दिवशी त्याच क्रमांकाचे विमान कसे गेले ते पाहावे. त्याने आजचा अंदाज सर्वांत चांगला येतो.

प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे. थेट पाठवावे की मधे थांबणारे विमान घ्यावे? थांबल्याने अंतर किती वाढते? (एडिसन, न्यू जर्सी)

अंतर फारसे वाढत नाही. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४० म्हणजे १२,७४०: सरळ वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टमार्गेही साधारण तेवढेच. दुबईमार्गे १२,९५० च्या आसपास. कारण ही गावे दोऱ्याच्या वाटेजवळच आहेत. सिंगापूरमार्गे मात्र ३,९०० अधिक १५,३५० म्हणजे १९,००० किमीच्या वर जाते. स्वस्त दिसले तरी त्या फंदात पडू नका.

वेळ जातो तो जमिनीवर. उतरणे, सुरक्षातपासणी, टर्मिनल बदलणे, पुन्हा चढणे यात साधारण अडीच-तीन तास मोडतात. पंचाहत्तर मिनिटांची जोडणी कंपनी विकते, पण सत्तरीच्या माणसाने ती घेऊ नये. अडीच ते चार तासांची घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ऐन वेळी मागू नका. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी हात वर करते आणि सामानही मधेच उचलून पुन्हा द्यावे लागते. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. हे नियम बदलत असतात.

एजंटची भाषाही समजून घ्या. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे कुठेही न उतरणारे. ‘डायरेक्ट’ म्हणजे क्रमांक न बदलणारे, पण मधे ते उतरू शकते. एजंट दोन्हींना ‘थेट’ म्हणतो.

आमचे मत विचाराल तर इंग्रजीची सवय नसलेल्या आणि चालता-फिरता येणाऱ्या माणसाला नॉनस्टॉपच बरे. गुडघे किंवा कंबर धरत असेल तर मधे थांबा घेतलेला चांगला. आणि तुम्ही एडिसनला आहात तर न्यूअर्कचे तिकीट घ्या. तिथून घर सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, जेएफकेहून त्याच्या जवळपास दुप्पट, आणि वर न्यूयॉर्कचे पूल आणि टोल.

प्रश्न: सोळा तासांत औषधांच्या वेळा कशा सांभाळाव्यात? पाय सुजतात त्याचे काय? (सांगली)

विमानात असेपर्यंत एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि गोळ्या त्याप्रमाणे घ्या. उतरल्यावर वेळा कशा सरकवायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पश्चिमेला जाताना तो दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे अंदाजाने करू नये. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह असावी.

केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. बोइंग ७८७ मध्ये तो सुमारे ६,००० फूट उंचीवर असावा तितका असतो, तर ७७७ मध्ये ८,००० फुटांपर्यंतचा. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट आहे. म्हणजे सोळा तास तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेले असता, तेही दहा-वीस टक्के आर्द्रतेत. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना हाच आकडा सांगून विचारा.

चार तासांहून लांबच्या प्रवासात पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून शौचालयापर्यंत जाऊन या, बसल्या जागी चवडे-टाचा आळीपाळीने उचला, कडेची खुर्ची मागून घ्या. दाब देणारे मोजे मापाचे हवेत. सैल असतील तर उपयोग नाही आणि गुडघ्यामागे गोळा झाले तर अपायच. दोन्ही पाय सारखे सुजले तर ती बसण्याची सूज असते, एक-दोन दिवसांत ओसरते. एकाच पोटरीला सूज, दुखणे आणि ऊब जाणवली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: डिसेंबरमध्ये रात्री दीडला निघालो. नऊ-दहा तास खिडकीबाहेर अंधारच. सूर्य उगवायला एवढा उशीर का? (पुणे)

हेलसिंकीच्या अक्षांशावर, म्हणजे ६० अंशांवर, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी ८३५ किमी असतो, आणि तुमचे विमान जवळजवळ त्याच वेगाने उलट दिशेने, पश्चिमेकडे चाललेले असते. त्यामुळे रात्र तुमच्याबरोबर चालत राहते. जूनमध्ये हेच विमान पकडलेत तर तिथल्या उत्तर क्षितिजावर रात्रभर तांबूस उजेड दिसेल. खिडकी उजव्या बाजूची घ्या.

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी विमाने कधी युरोपवरून जातात, कधी जपानकडून. जवळची वाट कोणती? (वाकड, पुणे)

दोन्ही नाहीत. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किमी आहे, आणि दोरा ताणलात तर तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो: लेहवरून, शिनजियांग, सैबेरिया, ७७ अंश उत्तरेपर्यंत गोठलेला समुद्र, अलास्काचे उत्तर टोक आणि खाली कॅलिफोर्निया. पण या वाटेच्या सुरुवातीलाच काराकोरम आणि तिबेटचे पठार येते. केबिनचा दाब गेला तर विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क साधारण पंधरा मिनिटेच चालतात. तिथे खाली जमीनच पंधरा-सोळा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठे?

मग उरतात दोन लांबच्या वाटा, आणि इथे अंतर आणि वेळ यांची गंमत दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अटलांटिकची वाट १३,९०० किमी, पॅसिफिकची १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. परतीलाही विमान पुन्हा पॅसिफिकवरूनच आणायचे, असे समजू नका. परतताना ते अटलांटिकवरून पूर्वेकडेच निघाले तर वारा पुन्हा पाठीशी मिळतो. म्हणजे दोन्ही खेपा पूर्वेकडे, आणि घरी आल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झालेली असते. पॅसिफिकवरून जाताना तारीखरेषा ओलांडली जाते आणि तारीख एक दिवस मागे येते, म्हणून पहाटे निघून त्याच तारखेच्या पहाटे उतरलात तरी घड्याळ झटकून पाहू नका.